दोन दिवसांचा ताप

मला लेप्टो झाला होता हे आता गावात सगळ्यांना पाठ आहे, कारण मीच ते सांगत फिरलो. बरा होऊन घरी आलो तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला पडवीत बसवून मी सगळं साग्रसंगीत ऐकवायचो. प्लेटलेट कुठवर उतरल्या, डॉक्टर काय म्हणाले, सुई किती वेळा चुकली. मोठं आजारपण झालं की माणसाला थोडा मोठेपणाही मिळतो, तो मी पुरेपूर भोगला. एक भाग तेवढा मी गाळायचो. तो गाळला की गोष्ट छान जमते. माझी बायको शैला तिथेच तांदूळ निवडत बसलेली असायची. मी गोष्टीतल्या त्या जागेवरून पुढे सरकलो की ती ताट उचलून आत निघून जायची.

गाळलेला भाग लिहायला बसलोय. कोणाला त्याचा उपयोग झाला तर होवो. नाही झाला तरी शैला निदान ताट घेऊन बाहेर बसेल.

मांगर

रत्नागिरीपासून अर्ध्या तासावर आमची आंब्याची कलमं आहेत, दीडशेच्या आसपास. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून माझा दिवस बागेतच जातो. राखणीला नेपाळी जोडपं आहे, इकडच्या बहुतेक बागांतून असतं तसं. बागेतल्याच एका खोलीत दोघं राहतात, मुलं त्यांची तिकडे गावी आजीपाशी. त्याला आम्ही बहादूर म्हणायचो आणि तिला गुरखीण. आधीच्या राखणदारालाही बहादूरच म्हणत होतो. हाक मारली की माणूस येतो, म्हणजे नाव बरोबर असणार, एवढा साधा हिशेब.

मी वाईट मालक आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. दिवाळीला कपडे, गणपतीत मोदक, आमच्याकडे बांगड्याचं तिखलं झालं की त्यांच्याकडे वाटी जायची. ती मला काका म्हणते, शैलाला काकी. सहा वर्षं झाली. काका-काकी म्हणवून घ्यायला फार काही लागत नाही.

भाद्रपद सरत आला तशी आम्ही बेणणी काढली, म्हणजे पावसात माजलेलं बागेतलं रान कापायला घेतलं. त्याच्या आधीच्या आठवड्यात मांगर साफ करून झाला होता. मांगर म्हणजे बागेतली शेड. हंगामातले रिकामे क्रेट तिथे रचलेले असतात आणि पावसाळाभर तिथे उंदरांचं राज्य. मी आणि ती, आम्ही दोघांनी दोन दिवस ते क्रेट काढून धुतले. खाली घोटाभर पाणी, कुजलेला पेंढा, आणि वास असा की नाकाला रुमाल बांधावा लागला. गमबुटांचा जोड एकच होता. तो माझ्या पायात होता. तिच्या टाचांना भेगा होत्या, त्या मला दिसल्या होत्या. दिसल्या होत्या म्हणून तर आज लिहितोय. मला स्वतःला फुटक्या क्रेटच्या कडेने मनगटावर ओरखडा उठला, त्यावर मी लगेच हळद लावून घेतली.

गोळ्यांचा डबा

आठ-दहा दिवसांनी, एका सोमवारी सकाळी ती चहाचं भांडं न्यायला आली आणि म्हणाली, "काका, ताप आहे."

आमच्याकडे औषधांचा एक स्टीलचा डबा आहे. त्यातली तापाची गोळी मी तिला दिली. काहीतरी खाऊन घे म्हटलं. गवत कापायची मशीनवाली चार माणसं रोजावर आली होती. त्यांचा चहा, त्यांचं जेवण, कापलेलं गवत ओढून कलमांच्या आळ्यात घालणं, सगळं तिच्यावर होतं. गोळीने ताप उतरला, ती कामाला लागली. दुपारनंतर परत चढला. मंगळवारी सकाळी मी दुसरी गोळी दिली. आपण काहीतरी करतोय असं वाटायला एक गोळी पुरते.

मंगळवारी शैला म्हणाली, "अहो, तिला डॉक्टरकडे न्या."

मी म्हटलं, "बेणणी होऊ दे. माणसं परत मिळायची नाहीत."

बुधवारी ती परत म्हणाली. मी जरा तोंड टाकलं, कारण मशीन बंद पडलं होतं आणि डोकं तापलेलं होतं. गुरुवारी ती काही म्हणाली नाही.

शुक्रवारी दुपारी बेणणी संपली. मशीनवाले जेवून उठले आणि गुरखीण भांडी घेऊन घरापुढच्या खळ्याच्या पायऱ्या चढू लागली. तीन पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीवर ती बसली आणि तिला उठता येईना. बहादूर मशीनवाल्यांचं सामान टेम्पोत चढवत होता. मी रिक्षा बोलावली.

बाकावर

दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीपाशी मुलीने विचारलं, "पेशंटचं नाव?"

मी म्हटलं, "आमच्या बहादूरची बायको."

"नाव सांगा ना काका."

मी मागे वळलो. ती भिंतीला टेकून उभी होती. "बिमला," ती म्हणाली. वय विचारलं तर बत्तीस. मी तिला चाळिशीच्या पुढची समजत होतो.

बाकावर बसलो. समोर भिंतीवर लेप्टोचा फलक लावलेला होता. ताप अंगावर काढू नका, शेतात-पाण्यात काम केलं असेल तर डॉक्टरांना सांगा. मी तो पूर्ण वाचला. वाचता येत नव्हतं असा माझा बचाव नाही. आमच्या आधी एक गृहस्थ आपल्या आईला घेऊन आत गेले होते. दार अर्धवट उघडं होतं आणि डॉक्टरांचा आवाज बाहेर येत होता, "आठ दिवस? आठ दिवस काय बघत होतात तुम्ही? मावशी, तुम्हांला पोरगा आहे की कोण आहे?" बाहेरची सगळी माणसं ऐकत होती. ते गृहस्थ बाहेर आले ते जमिनीकडे बघत. बाकावर माझ्या ओळखीचे दोघं होते. एक तर माझ्याच खात्यातून निवृत्त झालेला, गप्पांना सोकावलेला.

आत गेल्यावर डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय होतंय हिला?"

"ताप."

"किती दिवस?"

"दोन दिवस," मी म्हणालो.

ते तोंडातून निसटलं असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला समजावत होतो. निसटलं नव्हतं. बाकावर बसल्या बसल्या ठरवलं होतं. पाच म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर बेणणी हे होतं.

बिमला स्टुलावर बसली होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हात पोटऱ्यांवर ठेवून हळूच म्हणाली, "पाय..."

मी म्हटलं, "दिवसभर रान ओढते हो. पाय दुखणारच."

डॉक्टरांनी लिहिलं. दोन दिवसांचा ताप, अंगदुखी. म्हणाले, साधा व्हायरल वाटतोय, इतक्या लवकर रक्त तपासून काही कळणार नाही. तीन दिवस गोळ्या घेऊ दे, नाही उतरला तर आणा. मी डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांच्यापुढे दोन दिवसांचाच ताप होता. तिला त्यांनी काही विचारलं नाही हे खरं, पण विचारायला मी जागा ठेवली नव्हती.

माझा ताप

शनिवारी दुपारी जेवताना मला हुडहुडी भरली. हातातला भात ताटात सांडला. शैलाने स्वतःचं ताट तसंच सारलं आणि शेजारच्या राजूला हाक मारली. राजू माझ्या चुलतभावाचा मुलगा, त्याच्याकडे गाडी आहे. मी आपला म्हणत होतो की एक गोळी घेतो, बघू उद्या.

राजू म्हणाला, "काका, इचार कसला करताव? बसा गाडीत."

तोवर शैलाने ठाण्याला मुलाला, मंदारला फोन केला होता. मंदारचा शाळेतला मित्र शहरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात डॉक्टर आहे. आम्ही पोचलो तेव्हा दारात चाकाची खुर्ची घेऊन माणूस उभा होता. मला ताप येऊन चार तास झाले नव्हते आणि माझं रक्त तपासायला गेलंसुद्धा होतं.

रविवारी सकाळी मोठे डॉक्टर आले. डोळे बघितले, लाल होते. पोट दाबलं. मग पांघरूण बाजूला करून त्यांनी माझी पोटरी मुठीत धरून दाबली. मी ओरडलो. शेजारच्या खोलीतली सिस्टर डोकावली इतका ओरडलो.

"हं," ते म्हणाले, "पोटऱ्या अशा दुखल्या की आम्हांला लेप्टोचा संशय येतो. पाण्यात, उंदीर असतील अशा जागी काम केलंत का?"

मी मांगराचं सांगितलं. त्यांचा हात अजून माझ्या पायावर होता. मला दवाखान्यातले बिमलाचे दोन्ही हात दिसले.

"तुमच्याबरोबर आणखी कोण होतं? कोणाला ताप आहे का?"

इथे मला खरं सांगायची वेळ होती. डॉक्टर थांबले होते. पायथ्याशी शैला थर्मास घेऊन उभी होती, तीही थांबली होती. मी हो म्हटलं असतं तर कधीपासून, कुठे दाखवलं, काय सांगितलं, सगळं निघालं असतं.

"नाही," मी म्हटलं, "तसं कोणी नाही."

शैला थर्मासचं झाकण फिरवत राहिली. ते आधीच घट्ट बसलेलं होतं.

मोजमाप

त्याच दुपारी मला अतिदक्षता विभागात हलवलं. तो म्हणजे काय ते ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको. पहाटे पाचला फिनेलचा वास, सहाला रक्त, सातला अंग पुसायला मावशी. त्या मावशींचा हात फार हलका होता. पाठ पुसताना त्या मला गावाकडच्या भातलावणीच्या गोष्टी सांगायच्या, जणू मी त्यांच्या घरी पाहुणा आलोय. भीतीच्या दिवसांत असला एखादा हात मिळतो तो विसरता येत नाही.

लेप्टोत मूत्रपिंडावर घाला येतो, म्हणून दर दोन तासांनी माझी लघवी मोजायचे. ते माप तक्त्यावर लिहिलं जायचं, मग शैलाला कळायचं, मग फोनवरून ठाण्याला. मंदार ऑफिसातून विचारायचा, "बाबा, आता किती झाली?" एकसष्ट वर्षांत माझ्या लघवीची इतकी चौकशी कोणी केली नव्हती. मी त्यावर विनोदही केले. सिस्टर हसायच्या.

रात्र झाली की मात्र मला दरदरून घाम फुटायचा. आपण मरणार असं मला खरोखर वाटत होतं. यंत्राचा आवाज जरा बदलला की मी सिस्टरला हाक मारायचो. आणि त्या भीतीच्या खाली दुसरी एक होती, तिच्यासाठी हाक मारता येत नव्हती. रविवारी दोनदा मी शैलाला म्हटलं, "बागेत फोन करून बघतेस का?" दोनदा ती म्हणाली, "काय विचारू?"

तिसरा दिवस

सोमवारी दुपारी भेटीच्या वेळेला बहादूर आला. दोन शहाळी घेऊन आला होता. आत एकावेळी एकालाच सोडतात, म्हणून शैला बाहेर गेली आणि तो खाटेपाशी उभा राहिला.

"काका, आता बरं हाय ना?"

मी म्हटलं, बरं आहे. तिचं कसं आहे?

"तेच विचारायला आलो. डॉक्टर बोलले होते ना, तीन दिवस बघा. आज तीन दिवस झाले. तर आता नेऊ काय तिला?" मग जरा थांबून म्हणाला, "डोळे पिवळे झालेत. कालपासून लघवी नाय. पाणी पितेय ते उलटून पडतं."

तो डॉक्टरांचा शब्द पाळत होता. तीन दिवस म्हणजे तीन दिवस, म्हणून शनिवार-रविवार तिला घेऊन खोलीत बसून राहिला होता. ते तीन दिवस माझ्या दोनाच्या हिशेबातले होते, हे त्याला माहीत नव्हतं. तो मलाच विचारायला आला होता.

मी सिस्टरला हाक मारली ती माझ्या यंत्रासाठी नव्हती, पण त्या धावतच आल्या. मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. शैला सांगते की मी परत परत एवढंच म्हणत होतो, "तिला माझ्याआधीपासून ताप आहे. शुक्रवारी पाच दिवस झाले होते. पाच." मोठे डॉक्टर आले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काल विचारलं होतं मी तुम्हांला."

राजू गाडी घेऊन बागेत गेला आणि तिला घेऊन आला. मी होतो त्याच हॉस्पिटलच्या खिडकीवर आधारकार्ड मागितलं, ते नेपाळच्या माणसाकडे कुठून असणार. इथला पत्ता मागितला. मग सांगितलं की खाट रिकामी नाही. माझ्या शेजारची खाट त्या दिवशी रिकामी होती. कोणासाठी राखून ठेवली असेल, मला माहीत नाही. मी मंदारच्या मित्राला फोन लावायला सांगू शकलो असतो. मी नुसता त्या खाटेकडे बघत पडलो. राजूने वेळ न घालवता तिला सरकारी इस्पितळात नेलं, आणि तिथल्या लोकांनी कागद न मागता तिला आत घेतलं. त्याच संध्याकाळी तिला डायलिसिसला लावलं.

मी सहाव्या दिवशी घरी आलो. ती चोवीस दिवस तिथे होती. त्यातले नऊ दिवस ती जगेल की नाही हे कोणी सांगत नव्हतं.

फ्रिजवरची पट्टी

घरी आल्यावर शैलाने मला वेळच्या वेळी औषध दिलं, पेज दिली, पाय चेपून दिले. बोलली नाही. कामापुरतं बोलायची. रोज सकाळी डब्यात पेज आणि लिंबाचं गोडं लोणचं घेऊन राजूच्या गाडीने महिला वॉर्डात जायची, दुपारी यायची. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणायची, "आहे."

चौथ्या दिवशी तिने फ्रिजवरचं सगळं उतरवून पुसायला काढलं. जुनी बिलं, रबर, पंचांग, आणि त्याच्यामागे गोळ्यांची एक पट्टी. श्रावणात आरोग्य केंद्राच्या आशाताई घरोघर फिरल्या होत्या, शेतात काम करणाऱ्यांना लेप्टो होऊ नये म्हणून आठवड्याला घ्यायच्या गोळ्या वाटत. आमच्या त्यांनी दिल्या, मग विचारलं, "बागेतल्या नेपाळ्यांच्या कोणाकडे देऊ?" चिखलातून खाली बागेपर्यंत त्यांना कशाला पाठवायचं, म्हणून मी म्हटलं होतं, "ठेवा इथेच, मी देतो त्यांना." आमच्या आम्हीही घेतल्या नाहीत, ती गोष्ट वेगळी. तो आमचा आळस होता.

शैलाने पट्टी माझ्या तळहातावर ठेवली. "ह्या तिच्या होत्या," म्हणाली. मग खाली बसली आणि रडायला लागली. "मीपण गप्प बसले हो. थर्मास घेऊन उभी होते, मला बोलता आलं असतं. तुमचं नाव जाईल म्हणून गप्प बसले." त्या दिवसापासून आम्ही परत बोलायला लागलो. पण तीस-पस्तीस वर्षांत जे बोलायची सवय होती त्यात हे बसत नव्हतं, आणि अजूनही बसत नाही.

महिला वॉर्ड

चालायला लागल्यावर मी तिला बघायला गेलो. खाटेवरच्या कागदावर पतीचं नाव टेकराज लिहिलेलं होतं. मी त्याला त्या नावाने हाक मारली. तो शेजारी बाकड्यावरच बसला होता, पण त्याने मान वर केली नाही. माझ्या तोंडून ते नाव त्याच्या कानांनी कधी ऐकलं नव्हतं.

बिमलाचं तोंड ओढल्यासारखं झालं होतं. डोळ्यांतला पिवळेपणा थोडा राहिला होता. मला बघून ती उठून बसायला लागली, डोक्यावर पदर घ्यायला लागली. मी म्हटलं, पडून राहा गो.

तिने सांगितलं की पहिल्या दिवशी नळ्या लावून रक्त बाहेर काढताना बघितलं तेव्हा तिला वाटलं, आता ही काही जगत नाही, तर हिचं रक्त तरी दुसऱ्या कोणाला द्यावं म्हणून काढून घेताहेत. चार वेळा डायलिसिस होईपर्यंत तिचा तोच समज होता. बाजूच्या खाटेवरच्या म्हातारीने मग समजावून सांगितलं. मला पहिल्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून मूत्रपिंड दाखवलं होतं.

"तुला मराठी येतं ना," मी म्हटलं, "विचारायचं नाही का?"

"येतं ना. पण ते सगळं राजूदादाला सांगायचे. राजूदादा नसला की टेकराजला. मला वाटलं, मला सांगायचं नसेल."

मी माफी मागायला गेलो होतो. घरून निघताना वाक्य ठरवलं होतं, गाडीत दोनदा म्हणून बघितलं होतं. तिथे बसून मी विचारलं, "जेवलीस का?"

"काकी देते," ती म्हणाली.

मी शहाळं ठेवून घरी आलो.

थोडं सांगायचं आहे

बरं झालेल्या माणसाला सल्ला द्यायची फार हौस असते, मलाही आहे. कोकणात पावसाळ्याअखेर ताप आला आणि पोटऱ्या धरून आल्या तर घरच्या डब्याला हात लावू नका, त्याच दिवशी दाखवा. हे तर फलकावरही असतं. फलकावर नसतं ते असं: तुमच्याकडे कामाला कोणी असेल, घरात सून असेल, म्हातारी आई असेल, तर तिच्याबरोबर दवाखान्यात जा, पण आत गेल्यावर तोंड मिटून बसा. डॉक्टर तुमच्याकडे बघून विचारतील. बघू देत. आपण भल्यासाठीच बोलतो असं वाटतं, आणि बोलता बोलता आपली लाज झाकून घेतो.

दोघांना एकाच मांगरातल्या पाण्याने धरलं, मला ओरखड्यातून, तिला टाचांच्या भेगांतून. मी पूर्ण बरा झालो. डॉक्टर म्हणतात, माझी मूत्रपिंडं पहिल्यासारखी आहेत. तिची तशी झाली नाहीत. निम्म्याने काम करतात, जड काम जन्मात करायचं नाही, दर तीन महिन्यांनी तपासणी. ती बागेतच आहे, टेकराजच्या बरोबर. तिचं काम आता आम्ही दोघं करतो, म्हणजे जास्त शैला करते. लोक म्हणतात, गुरखिणीसाठी किती करता तुम्ही. मी ऐकून घेतो.

नवी फाईल

पौषात कलमांना मोहोर आला होता तेव्हा तिची तपासणी होती. टेकराजला फवारणी होती म्हणून तिच्याबरोबर मी गेलो. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टर बदलल्या होत्या, आता एक तरुण बाई आल्या होत्या, चष्मेवाल्या, चटपटीत. जुने कागद भिजून खराब झालेले, म्हणून त्या नवी फाईल करत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी वर बघितलं, ते माझ्याकडे.

"पहिल्यांदा दाखवलंत तेव्हा किती दिवसांचा ताप होता?"

माझं तोंड उघडलं होतं. ते मी मिटलं. "तिला विचारा," म्हणालो.

बाईंनी तिच्याकडे बघितलं. बिमलाने माझ्याकडे बघितलं, दवाखान्यातल्या स्टुलावरून बघितलं होतं तसंच. मग मान खाली घालून म्हणाली, "दोन."

ती माझं खोटं सांभाळत होती. तिच्या मूत्रपिंडांपर्यंत गेलेलं माझं खोटं ती जपून ठेवून, डॉक्टरीणबाईंसमोर माझी लाज राखत होती. मला उठून बाहेर पळून जावंसं वाटलं.

"नाही," मी म्हटलं. "दोन नव्हते, पाच होते. दोन मी सांगितलं होतं. खोटं सांगितलं होतं. माझ्याकडे बेणणी चालू होती म्हणून." मग तिच्याकडे वळलो. "चुकलो गो मी, बिमला."

बाई पेन धरून थांबल्या. बाहेर रांगेतलं कोणीतरी दारात येऊन परत गेलं. बिमला हातातल्या रुमालाच्या घड्या घालत होती. मग ती बोलली, आणि यावेळी तिने मान वर केली होती.

"पाच नाय काका. सहा. रविवारपासून होता. एक दिवस मी कोणाला बोललेच नव्हते."

मी सहा वर्षं, एक आजारपण आणि तीन महिने काढून जे खरं म्हणून कबूल करायला आलो होतो, तेही बरोबर नव्हतं. मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "मग सहा लिहू ना?"

मी बिमलाकडे बघितलं.

"लिहा," ती म्हणाली.